बंद पडलेलं प्रशिक्षण सुरू झालं, त्या वर्षी

आमचे मोठे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, पळत नाहीत. साडेदहाची घंटा झाली तरी ते फाटकापासून व्हरांड्यापर्यंत आपल्याच चालीनं येतात, वाटेत वाकून एखादं गवत उपटतात, नळाची तोटी घट्ट करतात. त्यामुळे त्या दिवशी ते मैदानावरून धोतराचा सोगा सावरत पळत येताना दिसले, तेव्हा माझ्या हातातला खडू खाली पडला.

"बाई, निघालं! निघालं!"

आमच्याकडे 'निघालं' म्हटलं की एकच अर्थ. सरपणाच्या खोलीत जनावर, म्हणजे साप, निघालं. माझी दुसरीतली पोरं शिकलेली होती, ती सरळ बाकांवर चढली. पहिलीतल्या दोघी रडायला लागल्या. मी दारामागची काठी हातात घेतली आणि ओरडले, "कुठं निघालं, सर?"

"ग्रुपवर!"

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. अगदी नाकाजवळ, त्यामुळे मला काही वाचता येईना. शेवटी मीच तो त्यांच्या हातातून घेतला. केंद्रप्रमुखांनी शिक्षकांच्या ग्रुपवर एक पत्र टाकलं होतं. वरिष्ठ आणि निवडश्रेणीच्या प्रशिक्षणासाठी निधी मंजूर झाला होता. नावनोंदणी सुरू.

मी काठी टेकवली आणि तिथंच, पोरांच्या बाकावर, पोरांच्या मधोमध बसले.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. शिक्षकाच्या नोकरीला बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, चोवीस झाली की निवडश्रेणी. पण नुसती वर्षं भरून भागत नाही. मधे एक प्रशिक्षण पुरं करावं लागतं आणि त्याचं प्रमाणपत्र सेवापुस्तकाला लागावं लागतं. हे प्रशिक्षण घ्यायचं तर सरकारनं त्यासाठी निधी द्यावा लागतो. तो यायचाच थांबला होता. प्रशिक्षण नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून श्रेणी नाही. माझी बारा वर्षं कधीच उलटून गेली होती. मोठ्या गुरुजींची चोवीस तर त्याच्याही आधी. आणि त्या डिसेंबरात त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते.

माझ्या आईला हे काही केल्या पटत नसे. ती श्रीगोंद्याकडे असते, माझ्या भावाजवळ. आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात खुरपणी केलेली बाई. वडील शुगर फॅक्टरीत होते. ती विचारायची, "बारा वर्सं झाली तरी तू खालच्याच पायरीवर? तुज्या बापाला तर फॅक्टरीनं पाच वर्सांत मुकादम केल्तं. तुजं काम बरं न्हाई व्हय गं?"

"काम बरं आहे, आई. सरकारकडं पैसे नाहीत."

"मंग काम तरी कशाला करून घेत्यात?"

हाच प्रश्न मोठे गुरुजी दरवर्षी एका निवेदनात विचारायचे. मोत्यासारखं अक्षर. शाळेची कागदपत्रं ते ज्या निगुतीनं लिहीत, त्याच निगुतीनं. एकदा मीही त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेत गेले होते. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं आहे, पण आम्ही अजून 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतो. तिथल्या साहेबांनी निवेदन चांगलं दोनदा वाचलं, अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाले, "निधी आला की कळवू." बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, "चला बाई, अक्षर तरी पास झालं."

त्यांच्याबद्दल आणखी एक सांगते. मी या शाळेवर बदलून आले, तेव्हा मनात धाकधूक होती. ते गावातल्या मोठ्या बागायतदार घरातले, मी आमच्या वस्तीतली, जयभीमवाली. आडनाव ऐकून माणसं कशी एक पाऊल मागं सरतात, ते मी आधीच्या शाळेत पाहिलं होतं. पहिल्याच दुपारी गुरुजींनी आपला डबा माझ्यासमोर उघडला, माझ्या डब्यातली चटणी न विचारता बोटानं घेतली, चाखली आणि म्हणाले, "लसून जास्ती झालाय. पन ब्येस हाय." तिथंच मला माणूस कळला.

तर नावनोंदणी. मुदत एका आठवड्याची. ती वेबसाईट सकाळी उघडायची नाही, दुपारी उघडली तर अर्ध्यात अडकायची. माझा अर्ज चौथ्या दिवशी गेला. गुरुजींचा जाईना. आधारकार्डावर त्यांच्या नावात एक अक्षर वेगळं, सेवापुस्तकात वेगळं. तालुक्याहून दुरुस्तीचा दाखला मिळाला तो शेवटच्या दिवशी दुपारी, आणि आमच्या गावात लाईट गेली. फोनला रेंज नाही. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत.

शाळा सुटायला सव्वा तास होता. स्वयंपाकाच्या मावशींना आणि अंगणवाडीच्या ताईंना पोरांजवळ बसवलं. मी माझी स्कूटी काढली आणि गुरुजींना म्हणाले, "बसा मागं."

"बाईच्या मागं?"

"सर, पाच वाजता खिडकी बंद होतेय."

ते बसले. एका हातात फाईल, दुसऱ्या हातानं मागची दांडी धरलेली. सुप्याला कंपन्या आहेत, तिथं लाईट सहसा जात नाही. तिथवरचा रस्ता त्या कंपन्यांच्या ट्रेलरांनी उखणून टाकलेला आहे. प्रत्येक खड्ड्याला गुरुजी 'अरं अरं अरं' करत होते आणि प्रत्येक खड्ड्यानंतर 'अजून हाना' म्हणत होते. रस्त्याकडेला कांदा लावणाऱ्या बायकांनी वाकलेली कंबर सरळ करून आमच्याकडे पाहिलं. मला इतकं हसू येत होतं की हँडल हलत होतं.

ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात आमच्यासारखेच चार-पाच जण. दुकानदार बाई शांत होती, तिनं प्रत्येकाला रांगेत उभं केलं. गुरुजींचा नंबर लागला तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. फोटो मोठा आहे म्हणून दोनदा परत आला. दाखला उलटा चढला. मग पडद्यावर ते गोल फिरणारं चाक. फिरतंय, फिरतंय. गुरुजी डोळे मिटून उभे. दुकानातली सगळी माणसं आपलं काम सोडून त्या चाकाकडे बघत होती.

"झाला," ती बाई म्हणाली.

दुकानात टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. एक अनोळखी मास्तर गुरुजींच्या गळ्यात पडला. आम्ही बाहेर येऊन गाड्यावर उसाचा रस घेतला, आणि थंडीच्या दिवसात बर्फ घालून दोन-दोन ग्लास प्यालो.

प्रशिक्षण दोन टप्प्यांत होतं. आधी पाच दिवस नगरला, मग दीड-दोन महिने आपल्याच वर्गात एक प्रयोग, मग परत पाच दिवस. शेवटी प्रयोगाचं सादरीकरण आणि लेखी चाचणी.

पहिल्या दिवशी एका हायस्कुलाच्या हॉलमध्ये आम्ही साठ जण पोरांच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलो. गुडघे बाकाखाली मावत नव्हते. पाठीला पिशव्या, पिशवीत डबे. दहा मिनिटांत आम्हीच पोरं झालो. मागच्या बाकावर खुसखुस सुरू. पेन कुणाकडे आहे का. बाई, हा ढकलतोय. मला इतकं ताजंतवानं वाटत होतं की सांगता येत नाही. किती वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी शिकवणार होतं, आणि मी फक्त ऐकायचं होतं.

शिकवायला आल्या त्या मॅडम कोपरगावकडच्या. वयानं आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा लहान. गुरुजी माझ्या कानाशी पुटपुटले, "माज्या लेकीच्या वयाची हाय. ही काय सांगनार?" मॅडमनी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या वर्गात असं कोणतं मूल आहे, ज्याचा आवाज तुम्ही महिनाभरात ऐकलेला नाही?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

माझ्या डोळ्यासमोर लगेच एक पोरगी आली. दुसरीतली. आईबाप बिहारकडचे. बाप सुप्याच्या एका कंपनीत, राहायला आमच्या गावात, पत्र्याच्या खोलीत. जूनपासून ती रोज शाळेत येत होती, वेळेवर, वेणी घालून, आणि तोंडातून अक्षर काढत नव्हती. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. वहीत फळ्यावरचं हुबेहूब उतरवायची. मी तिला 'शांत मुलगी' म्हणत होते. प्रगतिपुस्तकातही तसंच लिहिलं होतं. आता त्या हॉलमध्ये मला त्या दोन शब्दांची लाज वाटली.

दुपारी गुरुजींनी डबा उघडला आणि तसाच ठेवला. मग म्हणाले, "बाई, माज्याबी वर्गात दोघंजन हायती तसली. मी म्हनायचो, गुनी पोरं." दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि उरलेले चारही दिवस तिथंच बसले. वही भरली त्यांची.

माझा प्रयोग साधा होता. रोज सकाळी पहिली दहा मिनिटं मी एक चित्र नाहीतर एक वस्तू दाखवणार आणि विचारणार, 'तुमच्या घरी याला काय म्हणतात?' पुस्तकातला शब्द शेवटी. आधी घरचा. माझ्या गावातल्या पोरांनाही पुस्तकाची भाषा घरची वाटत नाहीच. ती घरी 'न्हाई' म्हणतात, 'हुतं' म्हणतात, आणि शाळेत आल्यावर 'नाही' आणि 'होतं' लिहिताना जीभ चावतात. म्हटलं, सगळ्यांचेच घरचे शब्द भिंतीवर लावू. नवरा सुप्यालाच कंपनीत आहे, त्याच्या लाईनवर बिहारचे चार-पाच जण. तो पाळीवरून येताना मला शब्द आणून द्यायचा. वांग्याला भंटा. मी ते पाठ करायची.

पहिले दोन आठवडे प्रयोग सपशेल फसला.

मी वांगं दाखवलं आणि त्या पोरीकडे बघून मोठ्या हौसेनं म्हणाले, "भंटा?" वर्ग खो खो हसला. पोरीनं मान खाली घातली ती दुपारपर्यंत वर केली नाही. मी कांदा दाखवला, पाणी दाखवलं, झाडू दाखवला. गावची पोरं ओरडून ओरडून सांगायची, आणि बिहारची पोरं, ती आणि आणखी दोघं, भिंतीला चिकटून बसायची. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला मी गुरुजींना म्हणाले, "मी विषय बदलते. पाढ्यांचा घेते, तो सोपा आहे."

गुरुजींचा प्रयोग तोवर रंगात आला होता. परिमिती आणि क्षेत्रफळ त्यांनी फळ्यावरून उचलून थेट शेतात नेलं होतं. शाळेमागं कांद्याचे वाफे पाडले, पोरांच्या हातात सुतळी दिली. चौथीची पोरं बांधावर बसून भांडत होती, ह्या वाफ्याला रोपं जास्त लागतील का त्या. चिखलाचे पाय घेऊन ते माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले.

"बाई, आपन आपलं रोप उपटून उपटून बघितलं तर ते धरतं का? लावा आन गप बसा."

"पण सर, ती बोलतच नाही."

"मंग तुमी तरी कशाला तिच्याकडं टक लावून बघता? मी तुमच्या वर्गात बसलो आन तुमी सारखं माज्याकडंच बघितलं, तर मीबी न्हाई बोलनार."

हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडे बघणं सोडलं. वस्तू मधे ठेवायची आणि आपण खिडकीजवळ जाऊन उभं राहायचं.

मग तो गुरुवार आला. मी भोपळ्याचं चित्र लावलं, लाल भोपळा, कापलेली फोड, आत बिया. गावची पोरं एका सुरात ओरडली, "डांगर!" मी खिडकीबाहेर बघत होते. आणि मागून एक बारीक आवाज आला.

"कोंहडा."

मी वळले नाही. खिडकीबाहेरच बघत राहिले. माझ्या वर्गातली सगळ्यात भांडकुदळ पोरगी ताडकन उठली. "ए, कोहळा येगळा! कोहळा पांढरा आसतो! हे डांगर हाय!"

"कोंहडा!"

"न्हाई! कोहळा दारात टांगत्यात! हे खात्यात!"

"खाते हैं! हम खाते हैं! अम्मा बनाती है कोंहडा!"

मग मी वळले. ती उभी होती. जूनपासून न ऐकलेला आवाज वर्गभर घुमत होता, वेणी हलत होती, बोट चित्राकडे. आणि माझी भांडकुदळ पोरगी समोर कमरेवर हात ठेवून उभी. दोघीजणी भोपळ्यावरून अशा भांडत होत्या की विचारू नका. कुणालाच कुणाची भाषा पुरती समजत नव्हती आणि दोघींचं सगळं एकमेकींना समजत होतं. मी मधे पडले नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेवटी ती बिहारची पोरगी फळ्याजवळ गेली, खडू घेतला आणि एक मोठा भोपळा काढला. त्याला वेल काढला. वेल एका छपरावर चढवला.

भांडकुदळ पोरीनं छप्पर नीट निरखलं. "हां. हे डांगरच हाय. आमच्याबी छपरावर हाय," ती म्हणाली.

मी मैदान ओलांडून पळत गेले. गुरुजी वाफ्यात वाकलेले होते.

"सर, बोलली! सर, भांडली!"

त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "भांडली? मंग झालंच की," ते म्हणाले. ते माझ्याबरोबर वर्गापर्यंत आले, दारातून फळ्यावरचं चित्र पाहिलं, आणि मग बराच वेळ धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत उभे राहिले.

त्यानंतर भिंत भरायला लागली. आम्ही जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूला शब्द लिहायचो. एका ओळीत घरचा, गावचा आणि पुस्तकाचा. पोरांची शब्दांसाठी झुंबड. गावच्या पोरी बिहारच्या पोरींना अंगणात नेऊन विचारायच्या, याला काय, त्याला काय. फेब्रुवारी संपेपर्यंत ती मुलगी मराठीतून चहाड्या सांगायला लागली होती, "बाई, ह्यानं माजी पेन्शील घेतली." चहाडी ऐकून एवढी खूश झालेली शिक्षिका जिल्ह्यात दुसरी नसेल.

मार्चमध्ये दुसरा टप्पा. शेवटच्या दिवशी सादरीकरण. मी वर्गाचा व्हिडिओ केला होता, नवऱ्यानं तो पेनड्राइव्हवर घालून दिला होता. माझं नाव पुकारलं, मी पुढे गेले, पेनड्राइव्ह लावला, आणि तो काही केल्या उघडेना. परीक्षक म्हणून आलेले एक वयस्कर साहेब घड्याळ बघायला लागले. मी तो काढून पुन्हा लावला. पहिल्या बाकावरून गुरुजींनी मला हातानंच खूण केली. राहू द्या, बोला.

मी फळ्यावर भोपळा काढला. माझं चित्र त्या पोरीइतकं चांगलं नव्हतं.

"तुमच्या घरी याला काय म्हणतात?"

दोघा-चौघांनी वह्या उघडल्या. शिक्षकच ते, त्यांना वाटलं बरोबर उत्तर द्यायचं आहे. मग मागून कुणीतरी म्हणालं, "डांगर." दुसरा म्हणाला, "लाल भोपळा." जामखेडकडचे एक सर उठून म्हणाले, "आमच्याकडं काशीफळ." एकाची बायको खानदेशातली, तो म्हणाला, "आमच्यात लग्नानंतर गंगाफळ." हशा पिकला. अकोले तालुक्याच्या डोंगरातून आलेल्या एका मॅडमनी त्यांच्या पाड्यावरचा शब्द सांगितला, तो आम्ही कुणीच आधी ऐकलेला नव्हता, आणि त्यांनी तो फळ्यावर येऊन स्वतः लिहिला. मग सगळे एकदम बोलायला लागले. ह्याची भाजी करतात की घारगे, साल काढतात की नाही. साठ शिक्षक भोपळ्यावरून भांडत होते. मी खडू ठेवला आणि म्हणाले, "माझ्या वर्गात पण असंच झालं."

मग मी सगळं सांगितलं. फसलेले दोन आठवडेही सांगितले, आणि टक लावून बघू नका, हे मला कोणी सांगितलं तेही. त्या वयस्कर साहेबांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही तिच्या प्रगतिपुस्तकात आता काय लिहिणार?"

"भांडते," मी म्हणाले. "चांगली भांडते."

ते हसले. कोपरगावच्या मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

गुरुजींनी आपलं सादरीकरण सुतळीचा गुंडा आणि कांद्याची एक जुडी घेऊन केलं. त्यांना व्हिडिओ वगैरे कशाची गरज पडली नाही. साहेबांनी विचारलं, "गुरुजी, हे इतकी वर्षं का नाही केलं?"

गुरुजींनी खरं सांगितलं. "साहेब, शेतातलं शेतात आन शाळंतलं शाळंत, आसं वाटायचं. कुनी इचारलंच न्हाई."

प्रमाणपत्रं एप्रिलात आली. पुढची गोष्ट कार्यालयाची होती. प्रस्ताव तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून मंजुरी. मे महिना उजाडला. शाळेला सुट्टी लागली, उन्हानं डांबर मऊ झालं, आणि गुरुजींच्या निवृत्तीचा दिवस जवळ यायला लागला. निवृत्तीनंतर हे सगळं होणार नाही असं नव्हतं, पण मग पेन्शनच्या कागदांमागं लागून पुन्हा फेऱ्या. दर दोन दिवसांनी मी फोन करायची. ते म्हणायचे, "हुईल, बाई. आता गाडी चालू झालीय."

ऑर्डर निघाली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. या वेळी मला आधी कळलं. मी स्कूटीवरून थेट त्यांच्या मळ्यातल्या वस्तीवर गेले. ते ओसरीत बी-बियाण्याच्या पिशव्या निवडत बसले होते. मी मोबाईलवर यादी दाखवली. निवडश्रेणीच्या यादीत त्यांचं नाव, वरिष्ठच्या यादीत माझं. त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून घरात हाक मारली.

"अगं ए, भाईर ये. झालं!"

काकू हात पुसत आल्या. "काय झालं?"

"माजी निवड झाली."

"आता? रिटायर व्हताना? कशात निवड झाली तुमची?"

"मास्तर म्हनून," गुरुजी म्हणाले. आणि ते पुन्हा बियाण्याची पिशवी उघडायला लागले. काकूंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आल्या. आधी मला दिला.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. तिला वेतनश्रेणीचं सांगण्याच्या आधी मी त्या पोरीचं सांगितलं, भोपळ्याचं भांडण सांगितलं. आई फोनवर इतकी हसली की भावाला वाटलं काहीतरी झालं. पगार वाढणार हे सांगायचं मी विसरलेच. ते दुसऱ्या दिवशी सांगितलं.

नव्या वर्षी शाळा सुरू झाली. पत्र्याच्या खोल्यांतली आणखी काही पोरं दाखल झाली, कारण त्या पोरीच्या बापानं आपल्या कंपनीतल्या लोकांना सांगितलं होतं की या शाळेत पोरं बोलतात. मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर तात्पुरती मीच बसले होते. ऑगस्टच्या एका दुपारी कोपरगावच्या मॅडमचा फोन आला. पुढच्या तुकडीचं प्रशिक्षण मंजूर झालं होतं.

"एक अर्धा दिवस तुम्ही घ्याल का?"

"मी? मी काय शिकवणार?"

"जे केलंत ते सांगा. फसलेलं आधी सांगा."

मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर वर्गात तीन फेऱ्या मारल्या. पोरं बघत होती.

तोच हॉल, तेच बाक. पण या वेळी मी फळ्याजवळ, आणि समोर साठ माणसं, पिशव्या, डबे, खुसखुस. मी आमचं सगळं सांगितलं, भोपळ्यापर्यंत आले, हॉल हसला. मला वाटलं, झालं, आता जेवायची सुट्टी. तेवढ्यात पाथर्डीकडच्या एका तरुण मॅडमनी हात वर केला.

"मॅडम, माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीआधी आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यांना शब्दांची अडचण नाही. ती माझ्याच भाषेत बोलतात. पण परत आल्यावर ती माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्यासाठी काय करायचं?"

हॉलमधलं हसू थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्या मॅडमचा चेहरा पडला नाही. उलट त्या पुढं सरकून बसल्या. शेजारच्या सरांनी आपला बाक वळवला. "आमच्याकडंबी हायत आसली पोरं," ते म्हणाले. मागून आणखी दोघं उठून पुढं आले. कुणीतरी विचारलं, ती पोरं तिकडं फडावर दिवसभर काय करतात, ते आपल्याला माहीत आहे का. कुणालाच नीट माहीत नव्हतं. मी फळा पुसला, मोठ्या अक्षरात तो प्रश्न लिहिला आणि खडू पाथर्डीच्या मॅडमच्या हातात दिला. घंटा होऊन गेली होती. डबे तसेच पिशव्यांत राहिले होते, आणि एकही जण उठायला तयार नव्हता.